हाताने केलेला भूकंप

आमच्या कॉलेजात विज्ञान न घेतलेल्या मुलांसाठी भूकंपाचा एक प्राथमिक अभ्यासक्रम आहे, आणि त्यातला भूकंप मी. हसू नका. भूकंप दाखवायचं टेबल हलवणारी मोटर अकरा वर्षांपूर्वी जळाली, तेव्हापासून टेबलाचा पाय धरून मीच हलवतो. सर ओरडतात, “पाच!” की पाचचा धक्का. “सहा!” म्हणाले की माझी कंबर कामातून जाते. मुलं बाकांखाली शिरतात आणि तिथूनच कागदावर तीव्रता लिहितात. शिपायाच्या नोकरीत याहून मानाचं काम नाही, असं माझं स्वतःचं मत आहे.

यंदा कुणाच्या तरी डोक्यात नवी मोटर शिरली. मोटर ठेवायची की मला, हे परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मॅडम ठरवणार होत्या. बायकोला सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर.

परीक्षेची पहिली तुकडी बसली. मी तळहातांना पावडर चोळत होतो, टेबलाला हातसुद्धा लावला नव्हता, तोच फळा थडथडला, काचा वाजल्या आणि छताचा पोपडा मॅडमच्या डोक्यावर पडला.

“अरे, मी सांगितलं कुठे अजून?” सर माझ्यावर खेकसले.

“सर, मी नाही! आईशप्पथ!”

पण ऐकतंय कोण! मुलं शिस्तीत बाकांखाली. खालून एकजण म्हणतो, “काका, जरा लांबवा ना, लिहून व्हायचंय.”

हादरा थांबला. मॅडम केसांतला चुना झटकत उठल्या. “वा! मोटरला हे जमायचं नाही. दुसऱ्या तुकडीला अगदी अस्साच द्या, तुमची नोकरी पक्की. इथे सही करा.”

‘भूकंप: स्वतः केला’ या ओळीखाली मी सही ठोकली. लाज वाटली, पण छातीही फुगली, खोटं कशाला बोलू?

दुसरी तुकडी आत येतेय, तेवढ्यात बायकोचा फोन. धाकटीला कडेवर घेऊन रस्त्यावर उभी होती, अनवाणी. “अहो, कपाट पडलं हो! पाळण्याला लागूनच! पुन्हा नाही ना व्हायचा?”

आणि मी इथे ऐटीत सह्या करत होतो. घर एकदाही आठवलं नव्हतं मला. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

“तयार?” मॅडमनी विचारलं. मुलं बाकांखाली गेलीसुद्धा.

“नाही गं, पुन्हा नाही होणार,” मी फोनवर म्हणालो, मॅडमना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि टेबल तसंच सोडून घरी निघालो.