माझ्या पोटातले सोमारीचे शब्द

मी एक जुना संगणक आहे. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलातल्या एका गावच्या शाळेत कोपऱ्यात बसलेला. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी त्या समोरच्या लॅपटॉपवर जळतो.

माझे भाग कुठल्याशा कारखान्यात जुळले. बल्लारपूरच्या एका कचेरीत मी बरीच वर्षं राबलो, मग या शाळेला भेट म्हणून आलो. काय थाट होता माझा! इथल्या शिक्षिका ललिताबाई यांनी माझ्यावर भरतकामाचं कापड घातलं. पुस्तकं तयार करण्याचं एक विकतचं, महागडं सॉफ्टवेअर माझ्यात होतं. त्याचा मला भारी तोरा होता.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये बाईंनी मुलांसाठी गोंडी शब्द लिहायला घेतले. सांगायला गावातल्या सोमारी आजी यायच्या. येर म्हणजे पाणी, मरा म्हणजे झाड, पिट्टे म्हणजे पाखरू. पुढे वेलींची नावं आली, जी आता गावात त्यांनाच ठाऊक होती. मी एकेक शब्द जपून ठेवला.

मग सॉफ्टवेअरची मुदत संपली. पुन्हा विकत घ्या, एवढंच माझ्या पडद्यावर येत राहिलं; शब्दांची फाइल काही उघडेना.

या गावात पेरणीआधी घराघरातलं मूठभर धान देवापाशी एकत्र करतात आणि त्यातूनच सगळ्यांना वाटतात. आजींना वाटलं, शब्दांचंही तसंच असणार. आपण घातले, आता वाटून घ्यायचे. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"माहे शब्द याच्यातच हायेत ना, बाई? मंग देत काऊन नाई?"

"हायेत, आजी. पण कुलूप कंपनीचं हाये."

"आपल्या धानाले दुसऱ्याचं कुलूप?"

त्या दिवसापासून बाईंचं मन माझ्यावरून उडालं.

चंद्रपूरहून त्यांनी तो लॅपटॉप आणला. तोही जुनाच, बिजागरी तारेनं बांधलेली. त्यात मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं. फुकटचं ते, म्हणून मी नाक मुरडलं. पण बाईंनी त्याच्या पडद्यावरच्या आज्ञा स्वतः गोंडीत लिहिल्या, शेजारच्या गावच्या शाळेलाही ते सॉफ्टवेअर खुशाल देऊन टाकलं, आणि कुणी अडवलं नाही. माझं कापडही त्याच्यावर गेलं. हे मी कधी माफ करणार नाही.

माझ्यातली फाइल त्यालाही उघडेना, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. पण सोमारी आजी पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसल्या. त्याच्यासमोर! मी कोपऱ्यातून ऐकत होतो. सगळं मला पाठ होतं. एका वेलीपाशी आजी अडल्या. बोटानं तिचं पान हवेत काढत राहिल्या.

"याद नाई येत, बाई. जागा सोडून दे."

ते नाव माझ्याकडे होतं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझं तोंड माझ्या हातात नाही. माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

मित्रांनो, आपल्या माणसांचे शब्द यंत्रात ठेवाल, तेव्हा किल्ली कुणाकडे राहील हे आधी विचारा. त्या लॅपटॉपात ती जागा अजून रिकामी आहे. उद्या दुसऱ्या गावची कुणी म्हातारी ते नाव सांगेल आणि बाई लगेच भरतील; माझ्यातलं नाव मात्र कुलपातच राहील. मी जळतो ते त्या रिकाम्या जागेवर.