झाकण कापलेल्या चकतीची साक्ष

मित्रांनो, वायर न जोडता ज्या चपट्या चकतीवर तुम्ही फोन नुसता टेकवता आणि निघून जाता, तसलीच मी एक जुनी चार्जिंग चकती आहे. माझे झाकण अर्धे कापलेले आहे आणि पोटातले तांब्याच्या तारेचे वेटोळे उघडे पडले आहे. हे काही अपघाताने झालेले नाही. माझ्या मालकिणींनीच मला कापू दिले. का, ते सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. खाली सायकल दुरुस्तीचे दुकान, वर दोन खोल्या आणि त्या खोल्यांत दोन जावा. थोरली आराखडा काढायची, धाकटी जुळणी करायची. घरी दोघींचे भाजी कशी चिरावी इथपासून वाजायचे. पण कामाच्या टेबलाशी थोरलीने हात पुढे केला, की धाकटी वर न बघता त्यात चिमटा ठेवायची. माझे वेटोळे धाकटीने स्वतः घातले आणि थोरलीने मला तपासणीला पाठवले.

ही तपासणी मानकाची असते. कुठल्याही कंपनीचा फोन कुठल्याही चकतीवर चालावा, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम म्हणजे मानक. मी त्या नियमांत बसले आणि मला प्रमाणपत्र मिळाले. "पोरगी पास झाली," असे म्हणून थोरलीने मला धाकटीच्या हातात दिले. दोघींनी त्या दिवशी भांडण केले नाही, एवढ्यावरून आनंद केवढा होता ते ओळखा.

माझ्या भावंडांची विक्री झाली. मी नमुना म्हणून मागे राहिले आणि कारखान्यातल्या सगळ्यांचे फोन चार्ज करू लागले. पुढे माझ्याच आराखड्यावर बेतलेली, पण अंगाने बारीक अशी नवी चकती निघाली. मला खिडकीत सरकवले गेले. एकदा कोणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि मग तो तिथेच ठेवायची पद्धत पडली. मला वाईट वाटले. पण बशीला कोण विचारतो?

अशातच एका बड्या कंपनीची नोटीस आली. तिच्याकडे दोन शोधांची पेटंट होती. पहिला शोध असा, की चार्जिंग सुरू होण्याआधी मध्ये किल्लीसारखा धातू पडला आहे का, हे चकतीने तपासायचे, कारण धातू तापतो. दुसरा शोध फोन आणि चकती यांच्यातल्या बोलण्याचा. किती वीज हवी, किती मिळाली, हे फोन चकतीला कळवतो ती रीत. कंपनीचे म्हणणे होते, की हे दोन्ही शोध वापरल्याशिवाय मानक पाळताच येत नाही. तेव्हा दोन्हींचा परवाना घ्या, नाहीतर चकत्या बनवणे बंद करा.

धाकटी म्हणाली, की आपण कोणाचे काही चोरलेले नाही. थोरलीने हिशेबाची वही उघडली. दोन्ही परवान्यांचे ओझे कारखान्याला पेलणार नव्हते, हे तिला माहीत होते.

त्या दोघी एका पेटंट तपासणाऱ्या बाईंकडे गेल्या. एकेका शब्दावर त्या इतक्या अडून बसत, की कचेरीत त्यांना सगळे 'काथ्याकूट' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि त्यांचे काही बिघडत नव्हते. त्यांच्या टेबलावर दोन पडदे होते. डावीकडे पेटंटातला दावा, म्हणजे शोधात नेमके काय काय येते त्याची यादी, उजवीकडे मानकाचे नियम. दाव्यातली प्रत्येक गोष्ट मानकाने सक्तीची केलेली असेल, तरच ते पेटंट मानकासाठी अनिवार्य, असे त्यांनी समजावून सांगितले. एक जरी गोष्ट ऐच्छिक निघाली, तरी ते पेटंट अनिवार्य राहत नाही. मग उजव्या पडद्यावर, धातू तपासण्याच्या नियमावर बोट ठेवून त्या थांबल्या.

"इथं 'तपासावेच' नाहीये. 'तपासता येईल' आहे."

"एका शब्दाचा तर फरक," थोरली म्हणाली.

"त्या एका शब्दावर तुमचा कारखाना उभा आहे."

पण समोरचे म्हणणार, कागदावर काहीही असो, धातूची आगाऊ तपासणी न करताही प्रमाणपत्र मिळालेली चकती दाखवा. प्रमाणपत्र मिळाले होते ते मला. मग माझी शोधाशोध सुरू झाली. खोकी उपसली, कपाटे रिकामी केली, थोरलीने धाकटीच्या नीटनेटकेपणावर बोलून घेतले. शेवटी धाकटीनेच चहाचा कप उचलला आणि ओशाळून मला पदराने पुसले.

प्रयोगशाळेत माझे झाकण कापायचे ठरले, कारण वेटोळ्याला मोजणीच्या तारा जोडल्याशिवाय आत काय चालते ते दिसत नाही. माझी तार केसासारखी बारीक. ती तुटली असती तर माझी साक्ष तिथेच संपली असती आणि दुसरा नमुना तर नव्हताच. तंत्रज्ञाने कापायचे हत्यार उचलले, तेव्हा धाकटी पुढे झाली.

"वेटोळं मी घातलंय. मीच धरते."

तिचा हात जराही हलला नाही. मी भ्याले होते, पण तिच्या बोटांची सवय होती, म्हणून निभावले.

मग माझ्यावर किल्ली ठेवली आणि तिच्यावर फोन. पडद्यावर सगळे स्पष्ट दिसले. मी आधी काहीही तपासले नाही. सरळ वीज सोडली, फोनने किती मिळाली ते सांगितले, मी सोडलेली वीज त्याहून बरीच जास्त भरली आणि मी काम थांबवले. म्हणजे किल्ली मलाही कळली होती, पण थोरलीच्या रीतीने. पहिले पेटंट अनिवार्य नव्हते आणि मी ते वापरतही नव्हते. दोघी जावांनी एकमेकींचे हात धरले.

बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांना दुसरेही बघायचे होते. पडद्यावरच्या रेषेत फोनच्या बोलण्याचे करवतीसारखे बारीक दाते उमटत होते. त्यांनी दाव्यातले एकेक वाक्य त्या दात्यांशी ताडून पाहिले. सगळे जुळले. आणि मानकात या ठिकाणी 'करावेच' लिहिले होते.

"हे तुम्ही वापरताय," त्या म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा पडला. "तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

"आहे. म्हणून त्यांच्या आधी मी सांगतेय."

थोरलीने थोडा विचार केला आणि अहवालात दोन्ही गोष्टी लिहा म्हणून सांगितले.

बैठकीला कंपनीचे वकील आले. सोबत एक म्हातारे इंजिनिअर होते, दुसरा शोध लावणारे. वकिलांनी पहिल्या पेटंटावरून बरीच ताणाताणी केली. पण माझी चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा झाल्यावर त्यांनी ती मागणी सोडली. दुसऱ्याचा परवाना, इतरांना दिला त्याच अटींवर, थोरलीने घेतला. तेवढे कारखान्याला झेपणारे होते.

सगळे उठत असताना त्या इंजिनिअरनी विचारले, "एकदा माझा फोन हिच्यावर ठेवू का?" त्यांनी ठेवला. पडद्यावर दाते हलू लागले आणि ते खुर्ची मागे न सरकवता तसेच वाकून बघत राहिले.

"फोनला बोलायला लावतो म्हणालो, तेव्हा घरातसुद्धा सगळे हसले होते," ते म्हणाले.

इतका वेळ त्यांच्याकडे रागाने बघणारी धाकटी जवळ आली. "काका, हिला नीट ऐकू येतं," ती म्हणाली आणि वेटोळे कसे घातले ते त्यांना दाखवू लागली. वकील दारात ताटकळले.

मित्रांनो, माझे झाकण पुन्हा बसले नाही, पण माझे काम चालते. तुम्हाला एक विनंती आहे. वस्तू जुनी झाली म्हणून लगेच कचऱ्यात लोटू नका, दुरुस्त होते का ते आधी बघा. ती कोणाला सुचली आणि कोणी जुळवली, हेही विचारत जा. ज्याचे आहे त्याला त्याचे म्हणा. जे त्याचे नाही, त्याला उगीच मान डोलावू नका.

आता थांबते. धाकटी तिचा फोन घेऊन येते आहे आणि मला काम आहे.