जो रजेवर, तो दोषी

नवरदेव मांडवाशी उतरला तेव्हा त्याच्या फेट्यात कोथिंबिरीच्या काड्या अडकलेल्या होत्या. वऱ्हाडाची बस काटोलच्या रस्त्यावर वाफा सोडत बंद पडली आणि मुहूर्त टळू नये म्हणून बिचाऱ्याला भाजीच्या ट्रकमध्ये वांग्यांच्या पोत्यावर बसून लग्नाला जावं लागलं. वधूकडची मंडळी पोट धरून हसली. नवरदेवाचे वडील महादेवराव मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते नागपुरात सदर भागातल्या मोटर कंपनीत आले आणि मालकांच्या टेबलावर मुठी आपटून गेले.

हे साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. कंपनी लहानशीच होती. लग्नकार्याला बसगाड्या भाड्यानं द्यायच्या आणि मागच्या आवारातल्या कारखान्यात त्या दुरुस्त करायच्या, एवढाच व्यवसाय. लगेच चौकशी झाली आणि तिच्यातून काय निघालं? आपल्याकडच्या बहुतेक चौकश्यांतून जे निघतं तेच! कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं. पाण्याचा पाइप सुटून इंजिन तापलं होतं, पण तो पाइप जणू आपला आपणच बसला होता आणि आपला आपणच सुटला होता.

मालकांचा नियम कडक होता. चूक सापडली की माणूस घरी! त्यामुळे कामगारांनीही आपला एक नियम करून टाकला होता, की जो रजेवर, तो दोषी. जो हजरच नाही, तो उलट बोलणार कसा? म्हणून या कारखान्यात माणसं अंगात ताप घेऊन कामावर येत. रजा घ्यायची कोणाची छाती होत नसे.

चौकशीच्या दिवशी रजेवर होता देवाजी. त्याच्या मुलीचा साखरपुडा होता.

"तो पाइप तं देवाजीनं बसवला होता ना," रुपराव म्हणाला. रुपराव कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"सोमवारपासून त्याले आत घेऊ नका," मालक म्हणाले आणि विषय संपला.

पण शोभाताईंसाठी तो संपला नव्हता. शोभाताई मालकांच्या सूनबाई. मालकांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून कारखान्याचं काम त्याच पाहत. "मले गाडीतला हॉर्न सोडून काही समजत नाही," हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. माणसं मात्र त्यांना समजत होती.

"मामंजी, सोमवार यायचा आहे अजून," एवढंच त्या म्हणाल्या आणि कामगारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"रविवारी रामटेकले जाऊ सगळे. याच बंद पडलेल्या गाडीनं. तुम्हीच ती दुरुस्त करा, अन् पहिल्यांदा तुमच्याच बायकापोरांनी तिच्यात बसायचं. पुढंही प्रत्येक गाडीले हाच कायदा."

कामगारांच्या कानांनी त्यातलं 'रामटेक' तेवढं ऐकलं. फुकटची सहल! आनंदी आनंद झाला.

देवाजी दुसऱ्या दिवशी कामावर आला, तर त्याच्याकडे कोणी पाहीना.

"काहून गा, मी काय केलं?" त्यानं विचारलं. रुपराव पाना शोधायला निघून गेला. पाना त्याच्या हातातच होता.

रविवारी सकाळी आवार बायकापोरांनी फुलून गेलं. पोळ्यांचे डबे, ठेचा, वांग्याची भाजी, संत्र्यांच्या टोपल्या! वांगी पाहून कोणीतरी नवरदेवाची आठवण काढली आणि हसू उसळलं. देवाजी लेकीला घेऊन एका कडेला बसला होता. उद्यापासून काम नाही, हे त्याच्या कानावर आलं होतं आणि लेकीचं लग्न तर तोंडावर आलं होतं. तरी तो आला होता. न येणं म्हणजे पुन्हा गैरहजर राहणं, आणि तो धडा त्याला मिळालेलाच होता!

ड्रायव्हर ओमप्रकाशनं गाडी सुरू केली. बायकांनी गाणं धरलं. रुपरावची बायको जयवंता लहानग्या मुलीला घेऊन मागच्या चाकावरच्या बाकावर बसली होती.

"या बाकावर गचके लई बसतात, अन् तुमची लेक गचका बसला का हसते," ती कौतुकानं रुपरावला म्हणाली.

मागचं चाक! रुपरावला एकदम आठवलं. काल संध्याकाळी त्यानं त्या चाकाचे नट हातानं फिरवून ठेवले होते. तेवढ्यात चहा आला. मोठ्या पान्यानं कोणीतरी आवळेल, असं म्हणून तो निघून गेला होता. ते कोणीतरी म्हणजे कोण? जुन्या सवयीनं त्याची नजर माणूस शोधू लागली आणि नेमकी देवाजीवर जाऊन थांबली. देवाजी लेकीला संत्रं सोलून देत होता. मग रुपरावनं आपल्या मुलीकडे पाहिलं. गाडीनं गचका खाल्ला आणि ती खुदकन हसली.

"थांबव! ओमप्रकाश, गाडी थांबव!" रुपराव ओरडला. "मागच्या चाकाचे नट आवळायचे राहिले! माह्याकडून राहिले!"

गाडी थांबली. गाणं बंद पडलं. सगळे खाली उतरले. रुपरावनं पाना लावला, तर नट फिरतच गेले. कामठीचा मोकळा रस्ता लागला असता तर? शेवटचा नट आवळून तो उठला तो थेट शोभाताईंसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, लग्नाच्या गाडीचा पाइपबी मीच बसवला होता. क्लिप अर्धीच आवळली होती. देवाजीनं त्या गाडीले हात लावला नव्हता. सोमवारी मले काढा."

जयवंतानं तोंडाला पदर लावला. देवाजीची लेक रडायलाच लागली. आता काय होणार, म्हणून सगळे शोभाताईंकडे पाहू लागले.

शोभाताईंचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या.

"त्या पाइपात माहाही वाटा आहे, रुपराव. नवा पाइप पाह्यजे म्हणून तुम्ही माह्याकडं आले होते. जुन्यानंच भागवा, असं मीच म्हटलं. मंग मलेही काढायचं काय?"

"पण ताई, चूक तं माही झाली ना..."

"झाली. म्हणून उद्या माह्यासंगं महादेवरावाच्या घरी यायचं अन् त्यायले खरं सांगायचं. अन् प्रत्येक चाकाचा शेवटचा नट आवळल्याबिगर चहाले हात लावायचा नाही. पण काढायचं कोणालेच नाही! चूक कबूल करणाऱ्याले घरी पाठवलं, तं गाडीत फक्त लपवणारेच उरतात. अशा गाडीत तुमची पोरं बसवाल काय गा?"

रुपराव देवाजीकडे वळला. "देवाजी, माफ कर गा मले. पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी तुह्यावर ढकललं मी."

देवाजीनं लेकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "राग तं येऊन राहिला. पण पोरीच्या लग्नात मांडव तूच घालायचा."

"घालतो!"

"अन् सगळ्या गाठी पक्क्या आवळ," जयवंता म्हणाली आणि असा हशा उठला की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून पाहू लागले. मग रामटेकपर्यंत बायकांचं गाणं एकदाही थांबलं नाही.

मालकांनी शोभाताईंचं ऐकलं आणि सोमवारी देवाजी नेहमीच्या वेळी कामावर हजर होता. रुपराव आणि शोभाताई महादेवरावांकडे गेले. आज मार बसणार, अशी रुपरावची खात्री होती. त्यानं दारातच सगळं सांगून टाकलं. महादेवरावांनी त्याला हाताला धरून ओसरीवर बसवलं.

"एवढ्या वर्षांत चूक माही म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले आणि आत आवाज दिला, "सूनबाई, लग्नाचे लाडू आणा! अन् तुम्ही ऐका, धाकट्याच्या लग्नातबी गाडी तुमचीच. पण हे रुपराव त्या गाडीत पाह्यजेत!"

वाचकहो, जबाबदारी म्हणजे फासावर द्यायला माणूस शोधणं नव्हे. आपण केलेल्या कामावर आपल्या लेकराला निर्धास्त बसवता येणं, ही जबाबदारी. आणि वरिष्ठांनो, तुमच्या हाताखालच्या माणसाला 'माझं चुकलं' म्हणायची भीती वाटत असेल, तर पहिली चूक तुमची आहे. एकानं खरं बोलायचं आणि दुसऱ्यानं ते ऐकून घ्यायचं, एवढं जमलं की कामाची जागा तुरुंग राहत नाही. तिथं माणसं हसत येतात आणि ताठ मानेनं घरी जातात!