वजनांना कल्हई

बीडमधल्या बायकांच्या एका लहानशा दवाखान्यात जाहेदा औषधं तोलायची, पुड्या बांधायची आणि मोडकंतोडकं सामान बाजारात नेऊन नीट करून आणायची. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर रूथबाई इंग्रजी मुलुखातल्या, नगरच्या. येत्या साली कंपाउंडरच्या शिक्षणासाठी जाहेदाचं नाव हैदराबादला पाठवायचं त्यांनी मनात धरलं होतं. तिथे तोंडी परीक्षा इंग्रजीत व्हायची. म्हणून रूथबाई हातातल्या कामातूनच तिला शब्द शिकवत. सुतारानं खुर्चीचा पाय बसवला की 'रिपेअर'. चादरीला टाका घातला की 'मेंड'. फाटका पडदा काढून नवा लावला की 'रिप्लेस'. 'रिस्टोअर' हा शब्द मात्र त्या जपून वापरत.

"जसं होतं अगदी तसं झालं, तरच हा शब्द. बाकी सगळी डागडुजी," त्या म्हणायच्या.

जाहेदाला याची गंमत वाटे. बाजारात फुटक्या भांड्याला डाग देऊन सांधणारा वेगळा, रफू करणारा वेगळा, कल्हई लावणारा वेगळा. इंग्रजीतला 'रिपेअर' मात्र खुर्चीलाही चालायचा आणि घड्याळालाही.

एकदा कपाटात औषधाची बाटली कलंडली आणि तोलायच्या पितळी वजनांच्या पेटीत सांडली. मोठी वजनं बिल्ल्यांसारखी होती, लहान म्हणजे पातळ पत्र्याचे चिमुकले तुकडे. सगळ्यांवर हिरवट काळे डाग चढले.

"डाग तेवढे काढून आण. रिस्टोअर झाली पाहिजेत," रूथबाईंनी बजावलं.

जाहेदाने पेटी आपल्या मामूकडे, खाजामियाँकडे नेली. खाजामियाँ कल्हईवाले. चिंच लावून डाग काढायचे, एवढं सांगून ती घरी स्वयंपाकाला गेली. दिवस कलताना पेटी घेऊन आली, ती न उघडताच दवाखान्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी रूथबाई एका बाळंतपणासाठी गेवराईकडे गेल्या होत्या. तलवाड्याची तुळजाबाई नातवाला घेऊन जंताच्या औषधासाठी बसली होती. जाहेदाने पेटी उघडली. वजनं चांदीसारखी लखलखत होती.

तिने तराजू लावला, भुकटी तोलली, कागदावर ओतली. पुडीच्या कागदावर घडीची एक रेघ असायची. रोजची मात्रा त्या रेघेच्या आत बसायची. आज भुकटी रेघेबाहेर गेली.

तिने पुन्हा तोलून पाहिलं. तेवढीच भरली.

"बाई, तीळ मोजतीस का काय?" तुळजाबाई म्हणाली. "आमची गाडी खोळंबली हाय."

"जरा थांबा, मावशी."

जाहेदाने भुकटी बाजूला केली. एका पारड्यात दोन लहान वजनं टाकली आणि दुसऱ्यात त्या दोन्हींएवढं एक मोठं. पारडी सारखी राहायला हवी होती. लहानांचं पारडं खाली गेलं. तराजूतच खोट असेल म्हणून तिने वजनं अदलाबदल करून पाहिली. तरी लहानांचंच पारडं खाली गेलं.

मामूंनी डाग काढून वर कल्हईही केली होती. तिचं कथिल वजनांना सगळीकडून चढलं होतं, आणि लहान वजनाला अंगाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. म्हणून तीच जास्त बिघडली होती. मुलांच्या मात्रा याच वजनांनी तोलायच्या. मागच्या वर्षी हेच औषध एका घरात चुकून दोनदा दिलं गेलं, तेव्हा त्या पोराला दूधसुद्धा पिवळं दिसायला लागलं होतं.

"मावशी, आज औषध न्हाई मिळायचं. पुढच्या बाजाराला या."

"आन् हे कावून? समोर तर हाय की भुकटी!"

"हाय, पर तोलता येईना."

"चकाकती वजनं घेऊन बसलीस, आन् तोलता येईना?" तुळजाबाईने नातवाचा हात धरला. "चल बाबा. सरकारी कारभार हाय हा."

जाहेदा पेटी घेऊन तडक मामूच्या भट्टीवर गेली.

"मामू, कल्हई कावून केली?"

"अगं, पितळ हाय ते! औषध पोटात जातंय ना? पितळेनं कळकून बाधलं म्हंजी?" खाजामियाँना नवल वाटलं. "तोंडात जाणाऱ्या चिजेला कल्हई केल्याबिगर माझ्या भट्टीवरून काय हलत न्हाई. फुकटात केली, वर तूच डोळे वटारतीस?"

"वजनं जड झाली."

मामूंनी एक वजन तळहातावर घेतलं, झुलवून पाहिलं आणि हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचं थांबले. त्यांनी वजन तापवलं, कापसाने वितळलेलं कथिल पुसून काढलं. तरीही पांढरा थर पितळेला चिकटूनच राहिला.

"कानशीनं घासतो की. हाय काय त्यात?"

"किती घासायचं?"

"बरोबर होईस्तवर."

"बरोबर म्हंजी किती, ते आता कुणाला ठावं हाय?"

खाजामियाँनी कानस खाली ठेवली. आवाज उतरवून म्हणाले, "तुझ्या डॉक्टरीणबाईला नुसतं बघून कळंल का?"

"न्हाई."

"तोलतं कोण?"

"मीच."

"मग गप ऱ्हा. हैदराबादला जायचं हाय ना तुला?"

जाहेदाने पेटी ओढणीखाली घेतली आणि ती परत गेली.

संध्याकाळी रूथबाई आल्या. त्यांचे हात धुऊन होईपर्यंत जाहेदा थांबली. मग तिने वजनं पारड्यांत टाकून दाखवली, अदलाबदल करून पुन्हा दाखवली. रूथबाईंनी दोन्ही वेळा काट्याकडे पाहिलं.

"कल्हईवाला काय करतो हे तुला ठाऊक होतं. मग त्याच्यावर सोडून घरी कशी गेलीस?"

"चूक झाली."

"औषध कुणाला दिलंस?"

"कुणालाच न्हाई. तलवाड्याच्या बाईला परत पाठवलं."

"यांचं आता काय करायचं?"

"रिप्लेस," जाहेदा म्हणाली.

रूथबाईंनी पेटी कुलपात ठेवली. हैदराबादचं नाव त्या दिवशी निघालं नाही, पुढे नवी वजनं येईपर्यंतही निघालं नाही. तोवर दवाखान्यात तयार गोळ्याच देत होते. जाहेदाने विचारलं नाही. मामूंनी एकदा विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

नवी पेटी आली तेव्हा रूथबाईंनी ती उघडून जाहेदापुढे सरकवली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. जाहेदाने लहान वजनं मोठ्यांशी ताडली, पारडी बदलून पुन्हा ताडली. तिला बराच वेळ लागला.

"सारखी हायत," ती म्हणाली.

"हैदराबादला हे इंग्रजीत सांगावं लागेल," रूथबाई म्हणाल्या.

जाहेदाने शेवटचं वजन चिमट्याने उचलून पेटीत ठेवलं. मग इंग्रजीत सांगितलं.