आतला फोन

तलवाड्याच्या पेठेत वैजिनाथ आप्पांचं कापडाचं दुकान खाली आणि घर वर. त्या घरात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं दोन हजार सातच्या दिवाळीत, आणि फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत रुसायलाही लागलं. सकाळी ठीक, दुपारी ठीक, जायचं ते नेमकं संध्याकाळी. राउटरवरचा हिरवा दिवा आधी लुकलुकायचा, मग विझायचा, आणि आप्पांची सून कावेरी त्याच्यासमोर गालाला हात लावून बसून राहायची. बघत बसल्यानं दिवा लागत नाही हे तिला कळत होतं. पण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिचं काम मुलखावेगळं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्याची हकिगत बोलून ठेवायचे. ते बोलणं पुण्याच्या एका कंपनीमार्फत दुपारी दोनला तलवाड्यात यायचं. कावेरीनं ते कानाला लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि सातच्या आत परत पाठवायचं. बी.एस्सी. होऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातली दहा दुकानात कापड फाडण्यात गेली होती. पुण्याच्या बाईंनी पहिल्यांदा फोनवर तिला 'कावेरीमॅडम' म्हटलं, तेव्हा मागे कोण उभं आहे म्हणून तिनं वळून पाहिलं होतं. कुठंतरी कुणीतरी आपल्या कामाची वाट बघतंय, ही गोष्ट तिला फार हवीशी वाटायची. ती आता हातची जायची वेळ आली होती.

कारण कंपनीचा नियम होता, तीनदा उशीर झाला की काम बंद. जानेवारीपर्यंत नेट जायचं आणि साडेसहा-पावणेसातला आपसूक परत यायचं, मग धावतपळत फायली जायच्या. फेब्रुवारीत मात्र ते जायला लागलं उशिरा आणि यायला लागलं त्याहून उशिरा. गेल्या दोन सोमवारी सात वाजून गेले, दोन उशीर खात्यावर लागले. आज तिसरा सोमवार होता.

उपाय करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आधी भारनियमनावर संशय घेतला, तर इन्व्हर्टर जोडूनही तेच. मग राउटर कपाटावरून खिडकीत नेला, खिडकीतून टेबलावर आणला. अॅडॉप्टर बदलला, वायर बदलली, शेवटी राउटरच नवा आणला. तोही चार दिवस सासरी आलेल्या नव्या नवरीसारखा नीट वागला आणि मग जुन्याच्या वळणावर गेला. नवरा, महांतेश, स्वभावानं गरीब. तो दुकानातून वर आला की एकच सांगायचा, बंद करून परत चालू कर. नवऱ्यांकडे आणि मेकॅनिकांकडे हा एकच मंत्र असतो आणि तो ते दक्षिणा न घेता देतात.

टेलिफोनचा लाइनमन गहिनीनाथ चारदा येऊन गेला. तो राहायला दूर चकलांब्याला, त्यामुळं यायचा तो दिवसाउजेडी, आणि दिवसा नेट कसं गुणी लेकरासारखं चालायचं. कावेरी वहीत लिहिलेल्या वेळा दाखवायची. नोव्हेंबरात पावणेसहा, संक्रांतीला सव्वासहा, आता साडेसहा. गहिनीनाथ वही उलटीसुलटी करून बघायचा आणि वायर तापत असंल म्हणायचा. एकदा त्यानं आप्पांना विचारलंही, देवघरात याच लाइनवरचा जो जोडफोन आहे त्याचं कसं काय. आप्पा म्हणाले, त्यो बंद असतो. झालं, गहिनीनाथनं तो फोन डोक्यातून काढून टाकला.

त्या सोमवारी कावेरी सकाळीच थकून उठली होती. भाकरी थापताना तिनं मनाशी ठरवून टाकलं, की उद्या पुण्याला फोन करायचा आणि काम नको म्हणून आपणच सांगायचं. काढून टाकण्यापेक्षा सोडलेलं बरं. रोज साडेसहा वाजायच्या धास्तीचा तिला खरोखर वीट आला होता. तरी दोन वाजता ती सवयीनं कानाला हेडफोन लावून बसली. कुण्या परमुलखातल्या म्हातारीच्या गुडघ्यांची, कुणाच्या छातीतल्या कळेची हकिगत तिनं इमानानं टाइप केली. शेवटची फाइल संपली तेव्हा सहा बत्तीस झाले होते, आणि दिवा लुकलुकत होता.

विझला. तिनं मोबाइलवरून गहिनीनाथला फोन लावला. तो बिचारा घरी जेवायला बसला होता. तोही तिच्याइतकाच कावलेला. घास खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, एक करा. नेट गेलेलं हाय ना आत्ता? मंग म्होरल्या खोलीतला फोन उचला आन टोन हाय का बघा."

इतक्या दिवसांत हे कुणीच केलं नव्हतं. करणार कसं? आप्पांची पूजा चाललेली असताना या घरात कुणी फोनला हात लावत नाही, मोठ्यानं बोलत नाही, पाण्याचं भांडंसुद्धा आपटत नाही. कावेरीनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन नव्हता. आधी काहीच नव्हतं, मग कुणीतरी हळू पुटपुटत असल्यासारखं वाटलं, आणि मग घंटी वाजली. बारीक, पितळेची. तीच घंटी त्याच क्षणी देवघरातून तिच्या दुसऱ्या कानात आली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. या घरात फोन बंद ठेवणं म्हणजे रिसीव्हर उचलून बाजूला ठेवणं, आणि रिसीव्हर बाजूला असला की त्याच तारेवरचं नेट अडायचं. पंधरा वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांचे फोन घ्यायला सोयीचं म्हणून आप्पांनी देवघरात जोडफोन घेतला, आणि पूजेत फोनची घंटी नको म्हणून रोज दिवेलागणीला ते त्याचा रिसीव्हर काढून ठेवू लागले. सगळं घर त्याला 'फोन बंद' म्हणायचं, कावेरीही म्हणायची. गहिनीनाथच्या भाषेत बंद म्हणजे मेलेला. दिवस मोठा होत गेला तशी दिवेलागण पुढं सरकली, तिच्यामागं पूजा आणि पूजेमागं नेट. सोमवारी महादेवाचा जप जास्त, म्हणून सोमवारी उशीर जास्त. वहीतल्या वेळा खोटं बोलत नव्हत्या, त्या वाचणारा भेटला नव्हता.

सहा एकेचाळीस. कावेरी देवघराच्या उंबऱ्यापाशी गेली. आप्पा गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्यावर नजर लावून बसले होते. बाजूला घडी केलेल्या उपरण्यावर काळा रिसीव्हर आडवा पडला होता. पूजेत आत जायचं नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं होतं. तिच्याही गळ्यात लिंग होतं, तीही रोज सकाळी ते तळहातावर घेत होती. तिनं गळ्याशी हात नेला, उंबरा ओलांडला, वाकून रिसीव्हर उचलला आणि जागेवर ठेवला.

आप्पांनी नजर वर केली. पूजेत बोलायचं नसतं. त्यांचा उजवा हात मोकळा होता आणि फोन हाताशी होता. कावेरी बाहेर आली, राउटरसमोर बसली आणि पाठीमागून तो हात फोनकडे जातोय की काय, याची वाट बघत राहिली. दिवा लुकलुकला, थांबला, परत लुकलुकला आणि हिरवा लागून राहिला. सहा छपन्नला शेवटची फाइल गेली.

सव्वासातला आप्पा बाहेर आले. कपाळावर विभूती ओलीच होती. खुर्चीत टेकले, गुडघे चोळले आणि गेलं का काम म्हणून विचारलं. गेलं, कावेरी म्हणाली. मग तिनं जे विचारायचं ते विचारलं.

"तुमाला ठाऊक होतं, मामा?"

आप्पांना खोटं बोलता आलं असतं.

"पयल्यांदा न्हवतं. संक्रांतीच्या सुमाराला ध्यानात आलं. मी फोन ठिवून बाहेर आलो की तुझा दिवा लागायचा. दोन-चारदा बघितलं."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"तू वर बसल्यापसून दुपारचं दुकान माझ्यावर आलं. सत्तरी उलटली माझी, मला बी होत न्हाई आता. म्हणलं, रोज रोज बंद पडलं की कंटाळशील आन आपणहून येशील खाली."

आपल्याला संताप येईल असं कावेरीला वाटलं होतं. आला नाही. संतापायलाही अंगात काही शिल्लक लागतं, तिचं दुपारी दोनपासून खर्ची पडलं होतं. समोरच्या म्हाताऱ्याचं तर कित्येक वर्षांपूर्वीच संपलं असावं. तिला त्यांची दया आली आणि दया आली याचा रागही आला.

"कंटाळलेच होते," ती म्हणाली. "उद्या पुण्याला फोन करून काम नको म्हणून सांगणार होते. आज घंटी ऐकू आली नसती तर तुमच्या मनासारखं झालं होतं, मामा."

आप्पांनी मान खाली घातली. खालून महांतेशनं शटर ओढल्याचा आवाज आला. आप्पांनी विचारलं, "मंग आता?"

"आता न्हाई सोडत. दुकानात दुपारी माणूस ठेवा. तुमी बी बसू नका."

कावेरी टेबलाला धरून उठली आणि भाकरी आत्ताच टाकू का म्हणून तिनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे थोडा येळ," आप्पा म्हणाले. "तू बस जरा."