मडगार्डबाहेरची चाकं

पिकअपचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते. ते बदलायला हवेत याबद्दल फर्निचरवाल्याच्या घरात दुमत नव्हतं. वाद होता तो कोणते घ्यायचे याचा. घरामागच्या शेडमध्ये तो कपाटं, पलंग, टेबलं बनवायचा, बायको गाद्या शिवायची आणि तयार माल पिकअपमध्ये घालून तो स्वतःच गिऱ्हाइकाकडे पोचवायचा. त्या गाडीवरच घर चाललं होतं म्हणा ना!

त्या संध्याकाळी त्याने मोबाइलवरचा फोटो बायकोपुढे धरला. काळ्या चकचकीत रिमवर जाडजूड, रुंद टायर. मडगार्डच्या चांगले बाहेर आलेले.

"बघ कसे दिसतात! शेजारच्या प्लंबरने बसवलेत. गाडी थांबली की लोक वळून बघतात."

"बघतील. पण कपाट उतरवायला येणार आहेत का ते लोक?" सुईत दोरा ओवत बायको म्हणाली.

त्याची थोरली बहीण तिथेच बसली होती. ताई ड्रायव्हिंग शिकवायची. आसपासच्या निम्म्या लोकांनी पहिला क्लच तिच्या धाकात दाबला होता. हा भाऊही त्यातलाच.

"अरे, ही चाकं शोभेची आणि तुझी गाडी ओझ्याची," ताई म्हणाली. "मापाबाहेरचा टायर माल भरला की मडगार्डला आतून घासतो. मग स्टिअरिंग पुरतं वळत नाही. आणि खडी उडते ती शेजारून जाणाऱ्याच्या अंगावर. रस्ता काय तुझ्या एकट्याचा आहे?"

"ताई, ते तुझ्या शिकाऊंना सांग. मी काय आज गाडी चालवतोय?"

हौसेला मोल नसतं म्हणतात. दुसऱ्याच दिवशी तो टायरच्या दुकानात गेला. दुकानदाराने फोटो पाहिला आणि विचारलं, "गाडीत माल काय भरता?"

"छे हो, घरची गाडी. नुसती फिरवायची," तो बिनदिक्कत बोलून गेला.

चाकं बसली. प्लंबरने पाठीवर थाप मारली, ओळखीचे लोक थांबून बघू लागले, आणि आमच्या फर्निचरवाल्याला आकाश ठेंगणं झालं! पहिले काही दिवस किरकोळ खुर्च्याच पोचवायच्या होत्या, त्यामुळे सारं सुरळीत चाललं.

मग एका सकाळी त्याने भरभक्कम कपाट आणि दोन पलंग गाडीत चढवले. गाडी चांगलीच दबली. वाचनालयाजवळच्या अरुंद वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि खालून खर्रकन आवाज आला. स्टिअरिंग अर्ध्यातच अडलं! जी गाडी कडेने वळायची, ती रस्त्याच्या मधोमध गेली. समोरून त्याच्याच गल्लीतल्या शिंपीणकाकू स्कूटरवर येत होत्या, पायाशी शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. त्यांनी स्कूटर बाजूला घातली ती थेट बांधकामाच्या वाळूच्या ढिगात. त्याने करकचून ब्रेक दाबला.

"काकू!" तो ओरडत उतरला.

काकू वाळूत फतकल मारून बसल्या होत्या. कोपर खरचटलं होतं. त्यांनी हातपाय हलवून पाहिले. "सगळं जागेवर आहे रे."

"काकू, माझी चूक झाली."

"झालीच! पण आधी ते कपडे उचल. लोकांचे आहेत."

कपडे झटकता झटकता तो हमसून रडला. काकू आज बसून बोलत होत्या, हे केवढं मोठं दान पदरात पडलं होतं!

फोन करताच ताई आली. 'सांगितलं नव्हतं?' हे शब्द तो झेलायला तयार होता. पण ती थेट काकूंकडे वळली. काकूंना तिने आपल्या गाडीतून डॉक्टरांकडे नेलं, नंतर घरी सोडलं. शेवटी त्यालाच राहवेना.

"ताई, शिव्या तरी दे."

"शिव्या देऊन काय होणार?" ताई शांतपणे म्हणाली. "तू फोटो बघितलास, प्लंबरची गाडी बघितलीस, वळून बघणारे लोक बघितलेस. वळणावर समोरून येणारं माणूस तेवढं बघितलं नाहीस. त्याला आपण ओळखत नसू. पण त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. टायर घेताना त्याचाही विचार करायचा असतो, बाळा."

त्याने आधी गाडीतला माल उतरवला. मग दुकानात जाऊन सरळ सांगितलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो. मी गाडीतून कपाटं नेतो." दुकानदाराने चाकं उतरवली, जुन्या साध्या रिम परत चढवल्या आणि त्यांवर गाडीच्या मापाचे, ओझं पेलणारे टायर बसवले. कुणी वळून बघण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

प्लंबरने विचारलं, "का रे, उतरवलीस?" त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. प्लंबर वाकून आपल्याच गाडीचं मडगार्ड आतून चाचपू लागला.

त्या आठवड्यात फर्निचरवाल्याने मन लावून एक लांबरुंद टेबल बनवलं आणि काकूंकडे नेलं. "कापड बेतायला," तो म्हणाला. काकूंनी आढेवेढे घेतले, पण टेबलावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा उजळला. "भरपाई करतोस होय?"

"त्याची भरपाई व्हायची नाही, काकू. तुम्ही धडधाकट आहात म्हणून मी रात्री झोपू शकतो."

वाचकहो, गाडी आपल्या मालकीची असते, रस्ता मात्र सर्वांचा. आपल्या हौसेची किंमत अनोळखी माणसाला मोजावी लागत असेल, तर ती हौस नव्हे, अपराध आहे. आणि वेळीच कान धरणारं माणूस घरात असेल, तर त्याचं ऐका. अपघात घडण्याआधीच त्याचे आभार माना!