कोरडी सुई

केडगावात देवीच्या देवळामागं कुनालाबी इचारा, मनकर्नाबाई कोन? शेंबडं पोरगं सुदिक सांगंल, बाळंतिनीचं अंग चोळनारी. नेप्तीपासून भिंगारपातूर माज्या पायावर न्हालेली लेकरं हायेत. त्यातली काही आता मिशा फुटून मोटरसायकली उडवत्यात. आन माजीच लेक आरती, लग्नाला लई वर्सं झाल्यावर, नवस, दवाखाने समदं करून, तान्ही पोर घिऊन माहेरी आली, तवा माजा उजवा हात खांद्याच्या वर जाईना! देवाला दुसरा मुहूर्तच गावला न्हाई.

मंग गल्लीतली सविता न्हाऊ घालायला यायला लागली. बाई चांगली हाय, पन तिचं न्हाऊ घालनं म्हंजी चादर खंगाळल्यागत. पोरगी रडून रडून लाल व्हायची आन मी न्हानीच्या दारात बसून बघायची. जीव तुटायचा माजा. शेवटाला तांब्या वर धरून लेकरावरनं ओवाळून टाकायचा असतोय, इडापिडा जाऊ दे म्हनून. आमच्यात तो आजीचा मान. माजा हात कानापातूर पोचंना, तर ओवाळू कशी? बारश्याला पाव्हनेरावळे येनार, आन आजी बसनार ठोंब्यासारखी!

लाज गुंडाळून ठिवून सवितालाच म्हनले, बाई, माजा खांदा रगड. तिनं तेल लावून जीव खाऊन रगडला. सांजंपातूर लई हलकं वाटलं. सकाळी वेनी घालायला गेले, तर खांदा पुन्यांदा हुता तिथंच.

माजी सून रेश्मा फिजिओथेरपीची डाक्टर हाय. पुना रोडला तिचा दवाखाना हाय. मी काय त्याला दवाखाना म्हनत न्हवते. रबराच्या पट्ट्या वढायला मानूस डाक्टरकडं कशाला जाईल? पन ती रोज माज्याकडं बघत हुती. एक दिस म्हनली, "आत्या, खांद्यामागं गाठ आवळून बसलीय. वरून चोळून सैल पडते, पण सुटत नाही. मी बारीक सुई थेट गाठीत घालते. ड्राय नीडलिंग म्हणतात त्याला."

"औषध कोन्तं घालनार?"

"औषध नसतंच. कोरडी सुई."

"म्हंजी रिकामी सुई टोचायची? आगं, कंपाउंडर निदान पानी तरी भरतो!"

ती हसली. तेवढ्यात न्हानीतनं नात टाहो फोडायला लागली. मी म्हनले, टोच बाई, काय टोचायची ती टोच.

दवाखान्यात पालथी पडले. तिनं सुई काढलीच न्हाई, आधी आंगठ्यानं चाचपायला लागली. मी मनात म्हनले, बघू तरी हिला काय गावतंय. जलम गेला माजा गाठी हुडकन्यात. तर तिचा आंगठा सरळ त्या जागी जाऊन थांबला! हितंतिथं भटकला न्हाई. तिनं चिमटीत मांस धरलं, सुई गेली ती कळलीबी न्हाई, आन मंग... आगं आई गं! आतलं मांस मासोळीवानी उसळलं. मी हलवलं न्हवतं, आपसूक.

"उसळली! हीच ती," रेश्मा म्हनली.

वा गं पोरी, मी मनात म्हनले. तोंडानं न्हाई म्हनले, सासू हाय मी.

निघताना तिनं बजावलं, "दोनेक दिवस ठणकेल. चोळू नका, नुसता हात हलवत राहा."

आता तुमीच सांगा, सुई टोचल्यावर चोळत न्हाईत व्हय? जलमभर डाक्टर म्हनत आले, चोळा, चोळा. घरी आले, करडईचं तेल कोमट केलं आन डाव्या हातानं खांदा असा रगडला म्हनता! सकाळी बघते तर जांभूळ पिकल्यागत काळानिळा. हात हुता तेवढाबी उचलंना.

मी घर डोक्यावर घेतलं. "तुज्या रिकाम्या सुईनं वाटोळं केलं माजं! बारश्याला तीन आठवडेच राह्यले, आता माज्या नातीवर तांब्या कोन ओवाळील?"

रेश्मानं आवाज चढवला न्हाई. खांद्याजवळ वाकली आन म्हनली, "आत्या, करडईच्या तेलाचा वास येतोय."

मी पदर खांद्यावर वढून घेतला. तिकडं ओंकार, माजा लेक, चहा पिताना ठसकला. त्याच्याकडं मी असं बघितलं की गुमान भायेर गेला.

दुसरी असती तर चार गोष्टी सुनावल्या असत्या. ही म्हनली, "औषध असलं की ते पसरायला चोळतात. इथं पसरायचं काहीच नाही. आधी हा निळेपणा जाऊ दे." निळेपना गेल्यावर तिनं पुन्यांदा सुई घातली. यावेळी मी तेलाची बाटलीच फळीवर ठिवली. दोन-चार दिसांनी ती बाटली तिनंच काढून आनली. "आता हाताचं काम. तुमच्यासारखं मला जमत नाही. सांगा, कसं चोळू?"

मी पालथी पडले. "आंगठा न्हाई, तळवा लाव. मानंकडनं दंडाकडं. दाबलं की घाई करू नको, मांस आपसूक खाली बसतंय." ती तसंच करत गेली. आन मला एकदम ध्यानात आलं, माज्या बाळंतपनात माजं अंग कुनी चोळलं न्हवतं. खाटेवरनं नीट उठायच्या आधीच मी दुसऱ्यांच्या बाळंतिनी बघायला गेले हुते. माज्या डोळ्याला धार लागली. डोळ्यात तेल गेलं म्हनले. पालथ्या बाईच्या डोळ्यात तेल कसं जाईल, ते तिला कळलंच असंल. ती चोळत राह्यली.

खरं सांगते, अंग आंबलं असंल, तर तिथं माजं तेलच पायजे. पन हट्टाला पेटून एका जागी बसलेली गाठ रेश्माची सुईच उठवती. मला हे आता कुनासमोरबी म्हनायची लाज वाटत न्हाई.

बारश्याच्या सकाळी पाय लांब करून न्हानीत पाटावर बसले. नात पायावर घेतली. रेश्मा पानी देत हुती. पोरगी रडली न्हाई, डोळे मिटून पडून राह्यली, शानी माजी. शेवटचा तांब्या उचलला. हात कानावरनं गेला, डोक्यावर गेला, गोल फिरला. आरती दारात रडायला लागली, तिला म्हनले, गप, तान्ही घाबरंल.

पोरगी आरतीच्या हातात दिली आन खोलीत आले. वाटीत कोमट तेल उरलं हुतं. रेश्मा भिंतीला टेकून मान वाकडी करून सवताचाच खांदा दाबत हुती. दिसभर लोकांवर वाकून उभी ऱ्हाती पोरगी, कवा ध्यानात आलं न्हवतं माज्या.

"हिकडं ये. पड पालथी."

"मला काही झालं नाही, आत्या. पाहुणे येतील आता."

"पड म्हनते ना!"

पडली. माजा आंगठा तिच्या खांद्यामागं गेला आन थांबला. तीच जागा, तशीच गाठ.

"पोरी, तुला सुई कोन टोचतं गं?"

तिनं तोंड उशीत खुपसलं. मी तेल घेतलं आन दोन्ही हात लावले.